एर्लिंडा कावासोस आणि नसलेली दाढ

फळं भरायच्या वखारीत एर्लिंडा कावासोसने एकतीस हिवाळे काढले. पट्ट्यावरून ग्रेपफ्रूट धावत यायची आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका वाईट फळ उचलून बाजूला टाकायच्या. एर्लिंडाचा हात समोरच्या फळावर असायचा आणि डोळा मागून येणाऱ्या तिसऱ्या फळावर. थंडीने आतून सुकलेलं फळ बाहेरून फसवं असतं. साल पिवळीधमक, वजन मात्र हलकं. एर्लिंडाला ते हातात न घेताच कळायचं. "कसं ओळखतेस गं?" असं मुकादमाने विचारलं की ती म्हणायची, "ते जरा जास्तच चांगलं दिसतं."

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. वखार सुटली. दोन आठवड्यांत तिने घरातली सगळी कपाटं दोनदा आवरली आणि नवऱ्याचे, नोएचे, जुने बूट त्याला न विचारता देऊन टाकले. नोए हात जोडून म्हणाला, "म्हातारे, तू काहीतरी काम शोध. नाहीतर उद्या मलाही कुणाला तरी देऊन टाकशील."

त्याच सुमारास वेनादीतो वस्तीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्याला घरोघर जाऊन रक्तदाब मोजणाऱ्या बायका हव्या होत्या. शिक्षणाची अट नव्हती. अट एकच होती, की त्या बाईला वस्तीतल्या लोकांनी दारातून आत घेतलं पाहिजे. एर्लिंडा सहावीपर्यंत शिकलेली. पण ज्या घरात तिने कधी कॉफी घेतली नाही असं एकही घर वेनादीतोत नव्हतं. ती गेली आणि नर्स ब्रिसेन्योने तिला घेतलं.

बारा मंगळवार शिकवणी होती. पहिले चार मंगळवार एर्लिंडा मागच्या बाकावर बसून ऐकत राहिली. पाचव्या मंगळवारी नर्सबाईंनी भिंतीवर बाईच्या शरीराचं चित्र लावलं. जबडा, खांदे, पाठीचा मधला भाग, पोटाचा वरचा भाग, डावा हात, असं सगळं लाल रंगवलेलं.

"पुरुषाच्या छातीत कळ येते, तो छाती धरून खाली बसतो, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलंय," नर्सबाई म्हणाल्या. "बाईचंही हृदय असंच दुखू शकतं. पण पुष्कळदा ते इथून बोलतं. जबड्यातून. पाठीतून. मळमळतं, घाम फुटतो, अंगातलं बळ जातं. आणि आपल्या बायका म्हणतात, काही नाही, राग बसला."

राग बसला. कोराहे म्हणतात त्याला. वेनादीतोत माणसं ज्या कारणांनी मरतात त्यांत हे एक मोठं कारण. कुणाशी भांडण झालं, बाईने राग गिळला, तो आत जाऊन बसला आणि दोन-चार दिवसांत ती गेली. यावर औषध म्हणजे फुलांचा काढा, अंधारी खोली आणि कुणी काही बोलायचं नाही.

एर्लिंडाची आई अशीच गेली होती, एकोणपन्नासाव्या वर्षी. बावीस वर्षांची एर्लिंडा नोएबरोबर पळून गेली आणि तिसऱ्या दिवशी आईने प्राण सोडला. शवपेटीजवळ उभं राहून मावशी सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तू दिलेल्या रागानं गेली ती." त्यानंतर ते वाक्य कुणी पुन्हा उच्चारलं नाही, कारण गरजच उरली नाही. एर्लिंडाने ते छत्तीस वर्षं सांभाळलं. चार मुलं झाली, सात नातवंडं झाली, वखारीत ती सगळ्यात जुनी बाई झाली; पण दर वर्षी आईच्या थडग्यावर फुलं ठेवताना ती पाठमोरं होऊन ठेवावीत असं तिला वाटायचं.

त्या मंगळवारी लाल रंगवलेल्या जबड्याकडे बघता बघता तिला आठवलं, की आई थंडगार चमचा जबड्याला लावून बसायची. पाठ चोळून दे गं, म्हणायची. आणि ते सगळं एर्लिंडा पळून जायच्या आधीच्या आठवड्यात. पळून जायच्या *आधी*. घरात कुणाला नोएचं नावही ठाऊक नव्हतं तेव्हा.

एर्लिंडा उठून बाहेर गेली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसली. नर्सबाई बघायला आल्या तेव्हा तिने नाक पुसलं आणि विचारलं, "त्या चित्राची आणखी एक प्रत मिळेल का?"

ती प्रत तिने घरी नेऊन फ्रीजवर लावली. नोएने दोन दिवस त्या चित्राकडे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "ही कोण बाई?"

"माझी आई," एर्लिंडा म्हणाली.

त्यानंतरची तीन वर्षं रक्तदाबाचं यंत्र घेऊन ती वेनादीतोच्या सगळ्या गल्ल्या हिंडली. ती बसून भाषण देत नसे. तिला ते जमतही नसे. ती बाईच्या स्वयंपाकघरात जायची, समोरच्या मिरच्यांची देठं काढायला घ्यायची आणि मग विचारायची. शेवटच्या बाळंतपणात साखर वाढली होती का? मग गेली म्हणून सोडून दिलं का? अगं, गेलेली साखर पत्ता विसरत नाही. बाप कशानं गेला? भाऊ? पाळी कधी थांबली? रक्तदाबाच्या गोळ्या घेतेस का?

"घेते की," बायका म्हणायच्या. "मान गरम झाली की घेते."

"आणि मान गार असेल तेव्हा?"

"तेव्हा कशाला वाया घालवू? शेजारणीला देते. तिची मान नेहमीच गरम असते."

एर्लिंडा हसायची आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या दारात उभी राहायची. या तीन वर्षांत तिने अकरा बायकांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. त्यांतल्या एकीने तिला वाटेभर शिव्या दिल्या आणि परतताना तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून झोपली. दवाखान्याने तिला प्रमाणपत्र दिलं तेव्हा नोएने ते चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा बेताने. गॅसवाल्यालासुद्धा तो ते वाचून दाखवायचा.

एक बाई मात्र तिला हात लावू देत नव्हती. ती म्हणजे देल्फीना.

देल्फीना आणि ती एका वर्गात शिकल्या, एका वखारीत लागल्या. एर्लिंडाच्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी देल्फीनाने धर्ममाता म्हणून हातांवर घेतलं, त्या दिवसापासून त्या एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या. तोवर दोघी एकमेकींना अगं-तुगं करायच्या, एकमेकींचे केस ओढायच्या. त्या दिवसापासून 'अहो' सुरू झालं. कोमाद्रेचा मान रक्ताच्या नात्यापेक्षा मोठा. तिच्यावर आवाज चढवायचा नाही, चारचौघांत तिला खाली बघायला लावायचं नाही. चौतीस वर्षं दोघींनी तो मान पाळला होता.

देल्फीनाचा बाप आणि दोन भाऊ हृदयाने गेले होते. शेवटच्या बाळंतपणात तिची साखर चढली होती. नवरा गेल्यापासून ती शाळेच्या खानावळीत रांधत होती आणि घरी येऊन पुन्हा रांधत होती. एर्लिंडाने यंत्र काढलं की ती म्हणायची, "कोमाद्रे, राहू द्या. माझ्या रक्ताला माझी सवय आहे. तुमचं यंत्र नवीन आहे, घाबरेल उगाच."

जानेवारीतल्या एका शनिवारी देल्फीनाच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, देल्फीनाच्या स्वयंपाकघरात तमाले, म्हणजे कणसाच्या पानात बांधून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, करायला बायका जमल्या. चाळीस डझन करायचे होते. उत्तरेचा वारा सुटला होता आणि खिडकीच्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. टेबलाच्या टोकाला दोन्या कुका बसली होती, ऐंशी वर्षांची, तमाल्यांच्या बाबतीत जिचा शब्द शेवटचा. शेजारच्या दोघी बहिणी भिजवलेली कणसांची पानं पुसून देत होत्या. एर्लिंडा पानांवर पीठ सारवत होती. देल्फीना चरबी घालून पीठ मळत होती आणि तिची सून इरासेमा तोंड मिटून पानांच्या गाठी बांधत होती.

इरासेमाचं तोंड का मिटलेलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पहाटे सहा वाजता अंगणात सासू-सुनेचं वाजलं होतं. देल्फीनाला बाळाची धर्ममाता म्हणून एर्लिंडाची थोरली मुलगी हवी होती; इरासेमाने न विचारता आपल्या बँकेतल्या मैत्रिणीला शब्द दिला होता. नोएने ही बातमी दुकानातून दुधाबरोबर घरी आणली होती.

देल्फीनाने पिठाची छोटी गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली. ती तरंगली. पीठ झालं होतं. पहिलं पातेलं भरलं आणि दोन्या कुकाने झाकण हातात घेतलं. झाकण ठेवण्याआधी ती नेहमी एकच प्रश्न विचारायची.

"राग धरून कुणी आलेलं नाही ना, पोरींनो? असेल तर आत्ताच सांगा. झाकण पडलं की मग मी कुणाला ओळखत नाही."

रागावलेली बाई स्वयंपाकघरात असेल तर तमाले कच्चे राहतात, दिवसभर वाफ दिली तरी. वेनादीतोत हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही, जसं पाणी ओलं असतं हे सांगत नाहीत.

"नवऱ्यावरचा राग धरायचा का?" बहिणींपैकी एकीने विचारलं.

"तो रोजचा. तो मोजत नाहीत," दोन्या कुका म्हणाली. बायका हसल्या. "आणि तू, देल्फीना?"

"मी?" देल्फीना म्हणाली. "मी कशाला रागावू? नातवाचा बाप्तिस्मा आहे माझ्या! आज तर मला नाचावंसं वाटतंय."

एर्लिंडाचा हात पानावर थांबला. ते वाक्य जरा जास्तच चांगलं होतं.

तिने मान वर करून बघितलं. बाहेर इतका गारठा, पण देल्फीनाच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. चेहऱ्याचा रंग मळलेल्या पिठासारखा. ती पिठाच्या हातानेच डाव्या जबड्याखाली दाबत होती, आणि तिथे पांढरा डाग उमटला होता.

"काय झालं, कोमाद्रे?" एर्लिंडाने हळू विचारलं.

"काही नाही हो. दाढ ठणकतेय."

एर्लिंडा पुन्हा पीठ सारवायला लागली. एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर तिचा हात थांबला. त्या बाजूला देल्फीनाला दाढच नव्हती. मागच्या उन्हाळ्यात सीमेवरच्या नदीपलीकडे, स्वस्तातल्या दंतवैद्याकडे दोघी बरोबर गेल्या होत्या. देल्फीनाच्या डावीकडच्या खालच्या सगळ्या दाढा निघाल्या होत्या, आणि पूल ओलांडून परत येताना रक्ताळलेला कापूस तोंडात धरून तिने सीमेवरच्या शिपायाला कागद दाखवले होते.

नसलेली दाढ ठणकत होती.

देल्फीना एकदम वळली आणि न्हाणीघरात गेली. ती ओकली ते एर्लिंडाने ऐकलं. ती मागोमाग गेली आणि दार लावून घेतलं.

"कोमाद्रे, पाठ दुखतेय का?"

"कच्चं पीठ चाखलं, ते बाधलं. दोन्या कुकाकडून पोट चोळून घेईन संध्याकाळी."

"मी पाठीचं विचारलं."

देल्फीनाने तोंड धुतलं आणि आरशात तिच्याकडे बघितलं. "दुखतेय थोडी. पीठ मळलं की दुखणारच. तुम्ही आता ते चित्र काढू नका, तुम्हाला शपथ आहे. उद्या बाप्तिस्मा आहे. मी आज अंथरूण धरलं तर गावभर होईल, की सुनेचा राग बसला म्हणून देल्फीना पडली. चाळीस डझन तमाले कच्चे राहतील ते वेगळंच. रविवारी येते मी तुमच्या दवाखान्यात. सोमवारी. कोमाद्रेचा शब्द."

"सोमवारपर्यंत थांबता येणार नाही."

"मग नका थांबू," देल्फीना म्हणाली आणि तिला बाजूला सारून बाहेर गेली. जाताना तिने भिंतीला हात टेकवला.

एर्लिंडा न्हाणीघरात एकटी राहिली. तिने फोन काढला आणि अँब्युलन्सला पत्ता सांगितला. पलीकडच्या बाईने दोन-तीन प्रश्न विचारले आणि सांगितलं, तिला बसवून ठेवा, श्रम करू देऊ नका, ॲस्पिरिनची एक गोळी चावायला द्या. सायरन वाजवू नका, असं एर्लिंडाने विनवलं. ते आमच्या हातात नाही, असं ती बाई म्हणाली.

आता प्रश्न एवढाच होता, की देल्फीनाला पिठापासून कसं उठवायचं. तिला हृदय म्हटलं असतं तर ती हसली असती. हाताला धरलं असतं तर तिने हात झटकला असता. या घरात तिला स्वयंपाकघराबाहेर काढू शकेल असा एकच शब्द होता, आणि तो शब्द एर्लिंडाने एकोणचाळीस वर्षांत कुणासाठीही वापरला नव्हता. तो तोंडात आणला तर काय होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "दोन्या कुका, झाकण काढा. देल्फीना खोटं बोलली. तिच्या अंगात राग आहे. पहाटेपासून आहे."

शेजारच्या बहिणींच्या हातातली पानं तशीच राहिली. इरासेमाचा चेहरा पांढराफटक पडला. देल्फीना हळूहळू वळली.

"तुम्ही?" ती म्हणाली. "कोमाद्रे, तुम्ही माझ्यावर हा शब्द टाकता? तुम्ही?"

"मी टाकते."

"माझ्या घरात? माझ्या सुनेसमोर?"

"तुझ्या घरात. तुझ्या सुनेसमोर," एर्लिंडा म्हणाली. 'अहो' गळून पडलं होतं आणि तिला ते उचलायला वेळ नव्हता. "तू इथे असेपर्यंत एक तमाला शिजणार नाही. सोड ते पीठ, देल्फीना. बाहेर ओसरीवर चल."

दोन्या कुकाने झाकण टेबलावर ठेवलं आणि देल्फीनाकडे नीट बघितलं. घामाकडे, पिठाच्या डागाकडे. म्हातारीला काय कळलं आणि काय नाही ते तिचं तिलाच ठाऊक, पण ती म्हणाली, "जा पोरी. माझे चाळीस डझन बुडवू नकोस."

देल्फीनाने एप्रन सोडला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते दुखण्याने की अपमानाने हे सांगता आलं नसतं. ओसरीवर एर्लिंडाने तिला खुर्चीत बसवलं, घोंगडी पांघरली आणि ॲस्पिरिनची गोळी दिली.

"ही कशाला?"

"चाव."

"रागावरची आहे का?"

"हो, रागावरची. चाव."

देल्फीनाने गोळी चावली. "हे मी विसरणार नाही," ती म्हणाली.

"नको विसरूस," एर्लिंडा म्हणाली. "लक्षात ठेवायला जिवंत राहावं लागतं. बोलू नकोस आता."

सायरन वाजवतच गाडी आली. सगळी गल्ली फाटकांशी आली. देल्फीनाने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

इस्पितळाच्या बाहेरच्या खोलीत दुपारपर्यंत देल्फीनाचं अर्धं कुटुंब जमलं. मुलगा रोलांदो शेतावरून चिखलाच्या बुटांनी आला. इरासेमा कोपऱ्यातल्या खुर्चीत बाळाला घेऊन बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माणसं उभी होती, पण तिथे कुणी बसत नव्हतं.

देल्फीनाची थोरली बहीण चायो आली ती सरळ इरासेमासमोर जाऊन उभी राहिली. "झालं समाधान? सकाळी काय काय बोललीस तिला? एवढा राग दिलास, आता—"

"चायो, थांबा," एर्लिंडा म्हणाली.

चारचौघांत उभं राहून बोलणं तिला जड जायचं. पण ती उठली आणि इरासेमाच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. तिथून बोलणं तिला सोपं गेलं.

"रागानं माणूस मरत असतं, चायो, तर वेनादीतोत आज कुत्रीसुद्धा उरली नसती. तुमचा बाप कशानं गेला? दोन भाऊ कशानं गेले? त्यांना कुणी राग दिला होता? देल्फीनाचा रक्तदाब मी कधी मोजला नाही, तिनं मोजू दिला नाही. पण रोलांदोच्या पाठच्या पोरीच्या वेळी तिची साखर चढली होती, ती मी डोळ्यांनी बघितली. त्याला चोवीस वर्षं झाली. चोवीस वर्षं एक डॉक्टर नाही, एक गोळी नाही. ही पोर चार वर्षांपूर्वी या घरात आली. हिनं ते कसं केलं?"

चायो एक पाऊल मागे सरली.

"माझी आई गेली तेव्हा मला असंच सांगितलं होतं. मी बावीस वर्षांची होते आणि माझ्या शेजारी कुणी बसलं नाही." तिने इरासेमाचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. "तुझ्याशी मी भांडणार आहे. धर्ममातेचं तू न विचारता ठरवलंस ते चूकच आहे. पण ते वेगळं. हे तू केलेलं नाहीस. समजलं का?"

इरासेमाने मान हलवली आणि मग बाळाच्या टोपीत तोंड लपवून रडली. थोड्या वेळाने रोलांदो येऊन तिच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसला.

चारच्या सुमारास डॉक्टर आले. हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद झाली होती. मनगटातून तार घालून ती उघडली, आत बारीक जाळी बसवली. बाई बोलतेय. फारच बोलतेय.

त्याच वेळी एर्लिंडाचा फोन वाजला. दोन्या कुका होती. "शिजले," ती ओरडून म्हणाली, कारण ती फोनवर नेहमी ओरडूनच बोलायची. "कापसासारखे मऊ! मी म्हटलं नव्हतं, ती बाहेर गेली की शिजतील? ती कशी आहे?"

"जिवंत आहे."

"मग दोन्ही नीट झालं," म्हातारी म्हणाली आणि फोन ठेवला.

आत एका वेळी दोघांनाच सोडत होते. रोलांदोने एर्लिंडाला आणि इरासेमाला आत ढकललं. देल्फीना उशीला टेकून बसली होती, हाताला नळ्या, केस विस्कटलेले. तिने आधी सुनेकडे बघितलं.

"बाळाला कुणाकडे ठेवलंस? बाहेर वारा आहे."

"त्याच्या बाबांकडे. टोपी घातलीय, आई." इरासेमा पलंगाशी येऊन उभी राहिली. "सकाळी मी जे बोलले—"

"सकाळचं सोड. डॉक्टरनं विचारलं, कधीपासून दुखतंय. मी आठवून सांगितलं. पहाटे चारला पाठीत कळ आली म्हणून मी उठले. जबडा धरला. मग झोपच लागेना. सहाला तू अंगणात आलीस." ती श्वास घ्यायला थांबली. "तू राग दिलास म्हणून दुखलं नाही, पोरी. दुखत होतं म्हणून मी तुझ्यावर ओरडले. एरवी मी आठ वाजेपर्यंत थांबले असते आणि कॉफी पिऊन ओरडले असते."

इरासेमा हसली आणि रडलीही. एर्लिंडा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. पहाटे चार. भांडणाच्या आधी. तिने लोखंडी कठडा घट्ट धरला. एकोणचाळीस वर्षांपूर्वी कुणी असं वेळेवर विचारून घेतलं असतं, तर तिच्या आईनेही अशीच वेळ सांगितली असती. आता ते विचारायला कुणी नव्हतं; पण उत्तर तिच्या समोर उशीला टेकून बसलं होतं.

"आणि तुम्ही," देल्फीना तिच्याकडे वळली. "तुम्ही मला माझ्याच स्वयंपाकघरातून हाकललंत."

"हाकललं," एर्लिंडा म्हणाली. "माफी मागते, कोमाद्रे."

"माफी मागू नका. मागितलीत तर मला द्यावी लागेल, आणि मला अजून थोडे दिवस रागावायचंय. डॉक्टर म्हणाला, रागावायला हरकत नाही."

बाप्तिस्मा तीन आठवडे पुढे गेला. धर्ममाता बँकेतली मैत्रीणच झाली; देल्फीना तिला तोंडावर चांगली म्हणते आणि पाठीमागेही, पण जरा कमी. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या तिच्या टेबलावर मिठाच्या शेजारी असतात, आणि मान गार असो की गरम, ती त्या घेते. रोज संध्याकाळी ती कालव्याच्या बांधावरून चालायला जाते. एर्लिंडाचे गुडघे तिला गाठू शकत नाहीत, म्हणून देल्फीना मध्येमध्ये थांबते आणि तिला उशीर झाला म्हणून बोलून घेते.

मार्चमध्ये दवाखान्याने चर्चच्या सभागृहात बायकांची सभा ठेवली. चाळीसेक जणी आल्या. एर्लिंडाला बोलायला सांगितलं होतं. ते चित्र हातात घेऊन ती उभी राहिली आणि त्याचे कोपरे सरळ करत राहिली. पहिलं वाक्य बाहेर येईपर्यंत दुसऱ्या रांगेतून देल्फीना उठली होती.

"मी सांगते," ती म्हणाली. "माझं झालंय."

आणि तिने सांगितलं. सगळं सांगितलं, थोडं वाढवूनही. घाम, पीठ, नसलेली दाढ, डोक्यावरून ओढलेली घोंगडी. बायका पोट धरून हसल्या. मग तिने हसणं थांबवलं आणि बोट वर केलं.

"आता म्हणा माझ्यामागून. कुठे दुखतं?"

"छातीत," दोघी-तिघी म्हणाल्या.

"ते तर झालंच. आणखी?"

"जबड्यात."

"आणखी?"

"पाठीत!"

"मोठ्यानं. मागच्या रांगेला ऐकू येत नाही."

चाळीस बायका मोठ्याने म्हणाल्या. पोटात. हातात. घाम. मळमळ. धाप. दारात उभा असलेला नोएही ओठ हलवत होता. आणि तेव्हा काय करायचं, असं देल्फीनाने विचारलं, तेव्हा अँब्युलन्स बोलवायची, असं इतक्या जणी एकदम ओरडल्या की शेजारच्या खोलीतली मुलं बघायला आली.

एर्लिंडा भिंतीशी उभी होती. एकेक तोंड ती निरखून बघत होती, एकही सुटू न देता. सगळी बरोबर म्हणत होती. हातातलं चित्र तिने हळूच खुर्चीवर ठेवलं आणि ती खाली, त्या बायकांमध्ये, जाऊन बसली.